एअरबॅगची लाईट गेली म्हणून मी खूश होतो

परवा एका नातेवाइकाचा फोन आला. जुनी गाडी घ्यायची आहे, गोंदियात पाहून ठेवली, २०२२ ची आहे, भाव बरा आहे, तुम्ही एकदा सांगा. मी विचारलं, चावी फिरवल्यावर एअरबॅगची लाईट लागते का? तो अभिमानाने म्हणाला, "नाही जी, एकदम क्लीन गाडी आहे. एकही लाईट लागत नाही."

म्हटलं, मग थांब. ती लाईट का लागत नाही हे कळेपर्यंत एक रुपयाही देऊ नको.

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. फोनवर समजावून सांगायला गेलो तर माझंच बोलणं लांबत गेलं. म्हणून इथे लिहितोय. पोस्ट मोठी आहे, जेवण झाल्यावर निवांत वाचा. पण ज्यांच्या घरी गेल्या तीन-चार वर्षांतली गाडी आहे, किंवा जे जुनी गाडी घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी वाचाच.

आधी माझीच फजिती सांगतो.

२०२४ च्या दिवाळीत मी एक जुनी हॅचबॅक घेतली. २०२२ ची. म्हणजे चालकाच्या समोर एक आणि डाव्या सीटसमोर एक, अशा दोन एअरबॅग कायद्याने आलेल्या. दवनीवाड्यातल्या बहुतेक घरांत असतं तसं आमच्याकडेही गाडी उभी राहते ती शेडमध्ये, आणि शेडच्या पलीकडे धानाची पोती. नोव्हेंबरात हलका धान घरी आला. डिसेंबर लागला तसा एक दिवस डॅशबोर्डवर तो लाल दिवा लागला. बसलेला माणूस, त्याच्यासमोर गोल फुगा, तुम्ही पाहिला असेल. तो जाईचना.

गोंदियात एका ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. मी त्याला जे बोललो ते मला शब्दशः आठवतं, कारण नंतर मी ते शंभर वेळा आठवलं. मी म्हणालो, "भाऊ, ही लाईट घालवून दे जी. डोळ्यासमोर सारखी खटकते." त्याने अर्ध्या तासात लाईट घालवली. आठशे रुपये घेतले. मी खूश.

त्यानंतर सात महिने त्या डाव्या सीटवर माझी बायको बसली, आईला गोंदियाच्या मेडिकल कॉलेजात न्यायचं असलं की आई बसली, आणि सर्वात जास्त बसली माझी नऊ वर्षांची मुलगी. तिला पुढेच बसायचं असतं. मीही बसू दिलं.

जुलैमध्ये एसीतून घाण वास यायला लागला. पावसाळ्यात येतोच. या वेळी गाडी दुसऱ्या एका पोराकडे नेली, आयटीआय झालेला, नवीनच काम सुरू केलेलं. बऱ्याच गाड्यांत एसीचा फिल्टर असतो डाव्या सीटसमोरच्या कप्प्यामागे. त्याने तो कप्पा काढला, टॉर्च मारली आणि हातच मागे घेतला. म्हणाला, "भाऊ, इकडे या. हे तुम्ही लावलं का जी?"

आत उंदराचं घर होतं. धानाचा कोंडा, कागदाचे तुकडे, सीटचा फोम. बॅगेकडून येणाऱ्या पिवळ्या आवरणातल्या दोन वायरी अर्ध्यातच संपत होत्या, टोकं कुरतडलेली. दुसऱ्या बाजूने, म्हणजे गाडीच्या मॉड्यूलकडून आलेल्या दोन वायरींच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली. पोराने टेप सोडली. आत तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा रेझिस्टर. बाजारात पाच रुपयांत मूठभर मिळतात तसला.

तेवढ्या एका दाण्याने गाडीला सात महिने सांगितलं होतं, बॅग जागेवर आहे, सगळं ठीक आहे.

आता हे असं का होऊ शकतं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. मी पत्रकार माणूस, इंजिनिअर नाही. डिप्लोमा पत्रकारितेचा. पण त्या दिवसापासून जे मिळेल ते वाचलं, त्या पोराला आणि आणखी दोघा-तिघा जाणकारांना विचारून विचारून हैराण केलं. गंमत अशी की ही सगळी गोष्ट सुरू होते तीच पुढच्या सीटवर बसलेल्या एका मुलीपासून.

१९५२ चा वसंत. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जॉन हेट्रिक नावाचा गृहस्थ रविवारी बायको आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन गाडीने फिरायला निघाला होता. चढ संपल्यावर रस्त्यात अचानक मोठा दगड. त्याने गाडी वळवली, ब्रेक मारला, गाडी नालीत गेली. ब्रेक मारताना त्याने आणि बायकोने, दोघांनीही, एकदमच हात आडवे केले. मुलगी डॅशबोर्डवर आपटू नये म्हणून. कोणाला फार लागलं नाही. पण आपणही सगळे हेच करतो ना? एसटीत, ऑटोत, ब्रेक लागला की डावा हात आपोआप लेकराच्या छातीवर जातो. हेट्रिक त्या रात्री घरी जाऊन विचार करत बसला, की हा हात गाडीलाच का असू नये. नौदलात असताना टॉर्पेडोतली दाबलेली हवा सुटून वरचं कॅनव्हास छतापर्यंत उडालेलं त्याने पाहिलं होतं. ते आठवलं. १८ ऑगस्ट १९५३ ला त्याला पेटंट मिळालं. जर्मनीत वॉल्टर लिंडरर यानेही जवळपास त्याच वेळी तसाच अर्ज केला होता, त्यालाही १९५३ मध्येच पेटंट मिळालं. मोठ्या मोटार कंपन्यांनी हेट्रिकला दाद दिली नाही. पेटंटची मुदत संपली, त्याच्या हाती काही आलं नाही.

कंपन्यांचं अगदीच चुकलं होतं असंही नाही. दाबलेल्या हवेने पिशवी फुगायला फार वेळ लागतो. समोरून धडक झाली की माणूस डॅशबोर्डपर्यंत पोहोचायच्या आत, म्हणजे सेकंदाच्या साधारण पंचविसाव्या-तिसाव्या भागात, पिशवी फुगलेली पाहिजे. पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून हवेच्या जागी स्फोटक रसायन आलं. आणि स्फोट करायचा तर तो कधी करायचा हे कोणीतरी ठरवायला पाहिजे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅलन ब्रीडने यावर काम केलं. त्याच्या सेन्सरची कल्पना ऐकून मला लहानपणीच्या गोट्या आठवल्या. एका नळीत पोलादी गोळी, लोहचुंबकाने धरून ठेवलेली. धडक जोराची असेल तरच गोळी चुंबकापासून सुटते, पुढे जाते आणि दोन टोकांना जोडते. करंट वाहिला, ठिणगी पडली, बॅग फुगली.

इथे एअरबॅग ही पिशवीची गोष्ट राहिली नाही. ती वायरिंगची गोष्ट झाली. हा मुद्दा डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

१९७३ मध्ये जनरल मोटर्सची ओल्ड्समोबाइल टोरोनॅडो ही प्रवाशासाठीही एअरबॅग असलेली, लोकांना विकलेली पहिली गाडी. पुढची दोन-तीन वर्षं कंपनीने आणखी मॉडेलमध्ये ती दिली, पण दहा हजारांच्या आसपासच गाड्या खपल्या आणि कंपनीने योजना गुंडाळली. खरी सुरुवात केली ती मर्सिडीजने, १९८०-८१ च्या सुमारास, बॉशचं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल लावून. तिथेही आधी फक्त चालकाची बॅग. डाव्या-उजव्याचा हिशेब करून शेजारच्या प्रवाशाला बॅग मिळायला १९८८ उजाडलं.

प्रवाशाची बॅग उशिरा आली त्याला कारण आहे. चालक नेहमी जागेवर असतो, स्टिअरिंगपासून ठरावीक अंतरावर असतो, आणि मोठा माणूस असतो. शेजारच्या सीटवर कोण असेल याचा नेम नाही. कधी सीट रिकामी, कधी आजी, कधी मांडीवर बाळ, आपल्याकडे कधी तांदळाचा कट्टा. बॅगही मोठी लागते, कारण डॅशबोर्ड दूर असतो.

१९९० च्या दशकात अमेरिकेने कायदा करून दोन्ही बॅग सक्तीच्या केल्या, आणि मग जे बाहेर आलं ते भयंकर होतं. किरकोळ धडकेत बॅग उघडते, माणसं तिच्या फटक्यानेच मरतात. १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या अपघातांत पुढच्या एअरबॅगच्या फटक्याने तिथे २९० हून अधिक मृत्यू झाल्याची नोंद आहे. त्यात बहुसंख्य प्रवासी, आणि त्या प्रवाशांतले नव्वद टक्क्यांहून जास्त लहान मुलं आणि तान्ही बाळं. बहुतेकांना बेल्ट नव्हता किंवा नीट लावलेला नव्हता. म्हणजे हेट्रिकने ज्या मुलीसाठी ही कल्पना काढली, तिच्याच वयाची मुलं. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८७ ते २०१७ या तीस वर्षांत पुढच्या एअरबॅगनी पन्नास हजारांहून अधिक जीव वाचवले, असा अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेचाच अंदाज आहे. त्यामुळे बॅग वाईट असा अर्थ कोणी काढू नये.

त्या मृत्यूंनंतर बॅग सौम्य केल्या गेल्या, सीटमध्ये वजन ओळखणारे सेन्सर आले, काही गाड्यांत डाव्या बाजूची बॅग चावीने बंद करायची सोय आली. प्रत्येक सोयीबरोबर आणखी चार वायरी, आणखी दोन कनेक्टर. बिघडायला आणखी जागा.

आता तो दिवा.

एअरबॅगची सगळ्यात मोठी अडचण अशी की ती चालते का हे चालवून पाहता येत नाही. हॉर्न वाजवून बघता येतो, ब्रेक दाबून बघता येतो, वायपर फिरवून बघता येतो. बॅग एकदाच चालते. मग भरवसा कसा ठेवायचा? अमेरिकेच्या सुरक्षा नियम २०८ मध्येच याचं उत्तर लिहिलेलं आहे. धडकेत उघडणाऱ्या यंत्रणेने स्वतःची तयारी स्वतः तपासत राहिली पाहिजे, आणि ती तयारी चालकाला त्याच्या जागेवरून दिसली पाहिजे. तो दिवा म्हणजे ही कायद्याने आलेली खिडकी आहे. एवढीच एक खिडकी आहे, दुसरी नाही.

आत नेमकं काय तपासलं जातं, ते त्या पोराने मला चहाच्या टपरीवर दोन काड्या आणि एक दोरा घेऊन दाखवलं. बॅगेच्या मागे एक इग्नायटर असतो, त्यात केसासारखी बारीक तार. तिचा रेझिस्टन्स दोन ओहमच्या आसपास. गाडी सुरू असेपर्यंत मॉड्यूल त्या तारेतून अगदी थोडा करंट सोडून बघत राहतं: दोन ओहम आहे ना? आहे. ठीक. दोन ओहम आहे ना? आहे. ठीक. बॅग फोडायला एक अँपिअरहून जरा जास्त करंट दोन हजारांश सेकंद पुरतो. तपासणीचा करंट त्याच्या मानाने नगण्य. आकडा फार वाढला, म्हणजे वायर तुटली, कनेक्टर सैल झाला किंवा गंजला. आकडा फार कमी झाला, म्हणजे दोन वायरी एकमेकींना चिकटल्या. वायर बॉडीला लागली तर वेगळा कोड. असं काही दिसलं की मॉड्यूल कोड लिहून ठेवतं आणि दिवा लावतं.

आता लक्षात आलं असेल. मॉड्यूलला बॅग दिसत नाही. त्याला फक्त ओहम दिसतात. तारेच्या जागी कोणी दोन ओहमचा रेझिस्टर ठेवला तर ते म्हणतं, आहे, ठीक.

२०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी नकली एअरबॅगचा एक कारखाना पकडला, वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाच्या नऊशेहून अधिक बॅग सापडल्या. तेव्हा मी ती बातमी वाचून पुढे गेलो होतो. आज वाटतं, त्यातल्या कितींनी डॅशबोर्डला "ठीक" म्हणायला लावलं असेल.

बरं, खरी तपासणी कशी करतात? हे मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, म्हणजे तुमच्या मेकॅनिकने यातलं काही केलं नाही तर तुम्हाला कळेल.

तो पोरगा टॉर्च मारून थांबला, आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि मग आम्ही नुसते बसून राहिलो. मी म्हटलं, आता काय? म्हणाला, "थांबा जी, आत करंट साठलेला असतो." धडकेत बॅटरीच चेंदामेंदा झाली तरी बॅग उघडावी म्हणून मॉड्यूलमध्ये कपॅसिटर असतो. तो रिकामा व्हायला वेळ लागतो, गाडीप्रमाणे एक मिनिट, तीन मिनिटं, कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ज्याने बॅटरी न काढता थेट पिवळ्या वायरीला हात घातला, त्याच्याकडून गाडी परत घेऊन या.

दुसरी गोष्ट, मीटर. आपल्या इलेक्ट्रिशियनला सवय असते, वायर दिसली की मीटर लाव, नाहीतर टेस्ट लॅम्प लाव. एअरबॅगवर हे चालत नाही. मीटर स्वतःच करंट सोडतो. टेस्ट लॅम्प तर त्याहून कितीतरी जास्त. समोर तोंड करून बसलेल्या माणसाच्या तोंडावर बॅग फुटू शकते. म्हणून तिच्या पिवळ्या कनेक्टरच्या आत एक छोटी पट्टी असते. कनेक्टर सोडला की ती पट्टी बॅगेकडची दोन्ही टोकं आपोआप जोडून टाकते, म्हणजे अंगातल्या स्थिर विजेनेही ठिणगी पडू नये. माझ्या गाडीत वायर कनेक्टरच्या अलीकडे तुटली होती, त्यामुळे ती पट्टी कामालाच आली नाही. बॅग जोडलेली, टोकं उघडी, आणि समोर माझी मुलगी. असो.

मग शोधायचं कसं? बॅग बाजूला काढायची आणि तिच्या जागी तेवढ्याच रेझिस्टन्सची नकली बॅग लावायची. हो, तोच रेझिस्टर! तपासणीसाठी ते अधिकृत हत्यार आहे, कंपन्या तसं टूल देतात. बॅटरी जोडा, स्कॅनर लावा, कोड पुसा. कोड परत आला नाही तर दोष बॅगेत. परत आला तर वायरिंगमध्ये किंवा मॉड्यूलमध्ये. मग कनेक्टर एक-एक करून मॉड्यूलच्या दिशेने मागे जायचं, वायर हलवून बघायची, आकडा कुठे उडी मारतो ते पाहायचं. डॉक्टर पोट दाबत "इथे दुखतं का, इथे?" विचारतात, तसंच. काम झालं की नकली बॅग काढून खरी लावायची. फरक एवढाच. जे हत्यार रोग शोधायला केलं, तेच माझ्या गाडीत रोग लपवायला राहून गेलं.

खाल्लेल्या वायरीला गाठ मारून टेप लावायची सोयही इथे नाही. गाठीचा रेझिस्टन्स गरमी-थंडीने बदलतो, ओल आली की बदलतो, आणि दोन ओहमच्या हिशेबात अर्धा ओहमही फार. वायरिंगचा तो अख्खा भाग बदलायचा असतो. माझ्या गाडीला दोन आठवडे लागले, भाग बाहेरून यायचा होता. बॅग सुदैवाने शाबूत निघाली.

आता आपल्या सरकारकडे येऊ, कारण हा सार्वजनिक विषय आहे. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच छोट्या गाड्या धडकवून पाहिल्या. पाचही गाड्यांना मोठ्या माणसाच्या सुरक्षेसाठी शून्य तारे. त्यानंतर हळूहळू हललं. १ जुलै २०१९ पासून चालकाची बॅग सक्तीची. मार्च २०२१ मध्ये अधिसूचना निघाली, की नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून शेजारच्या प्रवाशाचीही बॅग पाहिजे, आणि जुन्या मॉडेलना ऑगस्टअखेरपर्यंत. कोरोनामुळे ती मुदत वाढून डिसेंबरअखेर झाली. म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून बनलेल्या प्रत्येक नव्या कारमध्ये डावी बॅग आहे. अमेरिकेपेक्षा आपण साधारण पाव शतक मागे. त्याच सप्टेंबरात पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्रींचा अपघात झाला, मागच्या सीटचा बेल्ट चर्चेत आला. सहा बॅग सक्तीच्या करायचा मसुदा आपल्या नागपूरच्या गडकरी साहेबांच्या खात्याने आधीच काढला होता, तो पुढे ढकलला आणि २०२३ मध्ये सक्ती नको म्हणून सोडून दिला. त्याच वर्षी भारत एनकॅप आलं.

म्हणजे बॅग किती असाव्यात यावर दहा वर्षं चर्चा झाली. लागलेल्या बॅग चालू आहेत का हे गाडी रस्त्यावर आल्यावर कोण बघतं? पीयूसीवाला धूर बघतो. गाडी नावावर करताना फॉर्म २९, फॉर्म ३०, विमा, पीयूसी लागतो. डॅशबोर्डकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. २०२२ च्या त्या गाड्या आता दुसऱ्या मालकाकडे यायला लागल्यात, आणि दुसरा मालक म्हणजे तुम्ही-आम्ही. एमएच ३५ पाट्यांच्या किती गाड्यांत टेपमध्ये गुंडाळलेला दाणा आहे, याची मोजणी कोणी केलेली नाही.

मूळ दोष कधी कंपनीचाही असतो. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने १७,३६२ गाड्या परत बोलावल्या, एअरबॅगचं मॉड्यूलच सदोष असण्याची शक्यता होती, धडकेत बॅग न उघडण्याचा धोका. ते काम फुकट होतं. आणि दिवा विझलेला असला म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. जपानच्या ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं रसायन उष्ण-दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडायचं, आणि बॅग उघडताना धातूचे तुकडे उडायचे. तार शाबूत, ओहम बरोबर, दिवा गप्प. भारतातही होंडाने त्यासाठी गाड्या परत बोलावल्या. ताकाता २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. रसायनाचा आजार दिव्याला दिसत नाही. त्यासाठी गाडीचा चेसिस नंबर कंपनीच्या साईटवर टाकून रिकॉल आहे का बघावं लागतं. दोन मिनिटांचं काम आहे.

गाडी दुरुस्त झाल्यावर मी त्या पहिल्या मेकॅनिककडे गेलो. खरं सांगतो, भांडायलाच गेलो होतो. रेझिस्टर त्याच्या टेबलावर ठेवला. तो घाबरला नाही, लपवलंही नाही. म्हणाला, "भाऊ, तुम्ही लाईट घालवायला सांगितलं होतं जी. बॅग सुधरवायला नव्हतं सांगितलं. सगळेच हेच सांगतात." आणि मग म्हणाला, वायरिंगचा खर्च सांगितला की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं.

मला राग आला, पण उत्तर सुचलं नाही. आजार रेड्याला, औषध पखालीला, ही म्हण मी बातम्यांत सरकारसाठी वापरतो. इथे मीच पखाल दाखवली होती. सीट बेल्टचा तो पी-पी आवाज बंद करायची क्लिप आठवते? मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाने ऑनलाईन दुकानांवरून तिच्या १३,११८ जाहिराती काढायला लावल्या. एवढ्या जाहिराती होत्या, म्हणजे विकत घेणारेही होते. तरी मेकॅनिक सुटत नाही. त्याने मला एक वाक्य सांगायला पाहिजे होतं, "बॅग बंद आहे, लेकराला पुढे बसवू नका." ते त्याने सांगितलं नाही.

आता त्या डिसेंबरातलं सांगतो. ज्या महिन्यात मी लाईट घालवून घेतली, त्याच महिन्यात नवी मुंबईत वाशीला एक अपघात झाला. सहा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर पुढच्या सीटवर होता. पुढच्या गाडीशी संबंध आला, एअरबॅग उघडली, मुलगा गेला. मी ती बातमी माझ्या ग्रुपवर टाकली होती, खाली "पालकांनो काळजी घ्या" असंही लिहिलं होतं. संध्याकाळी मुलीला पुढे बसवून ट्यूशनला सोडून आलो. माझी बॅग मेलेली होती म्हणून तिला तो फटका बसला नसता, आणि मेलेली होती म्हणून बायकोला, आईला ती वाचवूही शकली नसती. यातलं काहीच मला माहीत नव्हतं. आणि मी वीस वर्षं अपघाताच्या बातम्या लिहितोय. "एअरबॅग उघडली नाही" असं किती वेळा लिहिलं असेन. मागून धडक, बाजूची धडक, पलटी, यात पुढची बॅग बहुधा उघडतच नाही, ती त्यासाठी नाहीच, हे मी कधी विचारलंसुद्धा नाही. आणि जिथे उघडायला पाहिजे होती तिथे गाडीवर आधी काय काम झालं होतं, हेही कधी विचारलं नाही. आता विचारेन.

नातेवाइकाला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका. एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे, चार-सहा सेकंद राहिला पाहिजे, आणि विझला पाहिजे. लागलाच नाही, तर बल्ब काढलाय किंवा वायर कापलीय. विझलाच नाही, तर दोष आहे. इंजिन ऑइलच्या दिव्याबरोबर नेमका एकाच क्षणी विझतो का, तेही बघा, कारण काही महाभाग एअरबॅगच्या दिव्याची तार दुसऱ्या दिव्याला जोडतात. तिन्ही ठीक असलं तरी घेण्याआधी डावीकडचा कप्पा काढायला सांगा आणि पिवळी वायर कुठे जाते ते डोळ्यांनी बघा. काळी टेप दिसली की उठा. मॉड्यूलचे कोड स्कॅनरवर वाचायला काही मिनिटं लागतात, जुने पुसलेले नसतील तर तेही दिसतात. आणि बारा वर्षांच्या आतलं लेकरू मागे, बेल्ट लावून. बाळाची उलटी सीट डाव्या पुढच्या सीटवर ठेवायची नाही म्हणजे नाही.

माझ्या नातेवाइकाने ती गाडी तपासायला सांगितली. मालक म्हणाला, कप्पा काढू देणार नाही, क्लिपा तुटतात. व्यवहार तिथेच थांबला.

उंदरांचं म्हणाल तर तो प्रश्न अजून सुटलेला नाही. डांबराच्या गोळ्या ठेवल्या, तंबाखूची पानं ठेवली, फिल्टरच्या तोंडाला बारीक जाळी बसवून घेतली. जाळी कामाला आली असं दिसतंय. धान घरी आला की मात्र गाडी शेडमधून काढून अंगणात उभी करतो, आणि आठवड्यातून एकदा कप्पा उघडून टॉर्च मारतो. कोणाकडे याहून चांगला उपाय असेल तर खाली लिहा.